गुडघे वाकवा, कंबर वाचवा

हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचची तपासणी जवळ आली की आमच्या एचआरला कर्मचाऱ्यांच्या कंबरेची आठवण होते आणि अर्गोनॉमिक्सचं, म्हणजे अंगाला इजा न होता काम कसं करावं याचं, ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडतं. मी फिजिओथेरपिस्ट. सेमिनार हॉल, पीपीटी, समोसे, हजेरीपत्रकावर सह्या, ग्रुप फोटो. वर दिलेलं शीर्षक लिफ्टशेजारच्या पोस्टरचं आहे, ते मी लिहिलेलं नाही.

पीपीटीत एक स्लाइड मी हट्टाने ठेवते. थॉमस वॉटर्स या अमेरिकी संशोधकाने २००७ साली पेशंट हाताने उचलण्याची मर्यादा मांडली: ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो, तीही सगळं अनुकूल असेल तर. ८० किलोच्या माणसाचा नुसता एक पाय बारा-तेरा किलो भरतो. ड्रेसिंगसाठी पाय धरून उभी असलेली सिस्टर त्या मर्यादेच्या काठावरच असते. अख्खा माणूस उचलण्याची 'योग्य पद्धत' मग शिकवायची कुठून? तो सरकवायचा असतो, उचलायचा नसतोच. ही स्लाइड आली की मेट्रन घड्याळाकडे बघतात.

यंदा प्रात्यक्षिकासाठी एका इंटर्नला कोचवर झोपवलं होतं. कुशीवर वळवणं, चादर गुंडाळून धरणं, 'एक, दोन, तीन' म्हणून ओढणं, सगळं झकास. दाराशी मेल मेडिकलच्या, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डाच्या, मावशी कुणाचा तरी निरोप घेऊन आल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, ह्यो पेशंट मदत करतोय की तुम्हाला. आमचे करत न्हाईत."

खरं होतं. ओढायच्या क्षणी इंटर्न नकळत टाचा रोवून अंग हलकं करत होता. वर्षानुवर्षं मी मदत करणाऱ्या पेशंटवरच शिकवत आले.

ट्रेनिंग संपल्यावर मी त्यांच्यासोबत वॉर्डात गेले. पॅरालिसिसचे एक आजोबा, नव्वदीच्या घरातलं वजन, उजवी बाजू पूर्ण लुळी, लघवीची पिशवी, सलाईन. सीटीला न्यायचे होते. बेड सेमीफाउलर, म्हणजे डोक्याकडची बाजू वर होते, अख्खा बेड वरखाली होत नाही. स्ट्रेचर ट्रॉली बेडपेक्षा चांगली चार बोटं उंच. हे बाहेरच्याला कळणार नाही, पण सगळी मेख त्या चार बोटांत आहे. सपाटीवर ओढायचं ते चढावर ओढायचं होतं, आणि तो चढ कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधून वसूल होतो. ट्रॉलीचा ब्रेक लागत नव्हता, म्हणून आजोबांच्या मुलाने ती मांडीने दाबून धरली. जावई मदतीला म्हणून लुळा हातच धरायला निघाले होते. खांदा निखळतो तो असाच. मी त्यांना बाजूला केलं.

मावशींनी बेडखालून एक घडी काढली. नव्या गादीला येतं ते जाड प्लास्टिक. आजोबांना कुशीवर घेऊन ते पाठीखाली अर्धं सारलं, वर ड्रॉ-शीट (ओढायची आडवी चादर), पुन्हा उताणं. मग बेड आणि ट्रॉलीमधल्या फटीवर उशी दाबून बसवली, चढ जरा सौम्य केला, आणि आम्ही मिळून ओढलं. आजोबा साबणाच्या वडीसारखे सरकले. परदेशात स्लाइड शीट म्हणून विकतात ती याच तत्त्वावर चालते: घर्षण कमी करा, जोर आपोआप कमी लागतो. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. साडीवर त्यांनी कंबरेचा पट्टा बांधलेला होता. दुखणं आधी आलं, युक्ती नंतर.

खाली येऊन मी त्यांचं नाव हजेरीपत्रकात घालायला गेले तर एचआर म्हणाले, "त्या कॉन्ट्रॅक्टच्या. आपल्या स्टाफमध्ये येत नाहीत." पेशंट सरकवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मावशी आणि मामा कॉन्ट्रॅक्टचे. त्यांची कंबर गेली तर कॉन्ट्रॅक्टर बदली माणूस पाठवतो, आणि आमच्या रजिस्टरला 'कंबरदुखी: शून्य' अशी नोंद पडते. ते शून्य तपासणीत अभिमानाने दाखवलं जातं.

मी रिपोर्टात फक्त तीन गोष्टी मागितल्या: ट्रॉलीचे ब्रेक दुरुस्त करा, प्रत्येक मजल्यावर स्लाइड बोर्ड (पेशंट सरकवायची गुळगुळीत फळी) द्या, ट्रेनिंगला कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना बसवा. बोर्ड आले, कारण ते फोटोत दिसतात. ब्रेकचा अर्ज बायोमेडिकल, म्हणजे उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाकडून मेंटेनन्सकडे आणि तिथून परत असा फिरतो आहे. तिसऱ्या मागणीला उत्तरच नाही.

मेल मेडिकलचा बोर्ड चोरीला जाईल म्हणून इनचार्ज सिस्टरांनी कपाटात ठेवलाय. किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि त्यांची ड्यूटी दिवसाची. रात्री मावशी प्लास्टिकच वापरतात. इन्फेक्शन कंट्रोलवाल्या राऊंडला आल्या की ते फेकून देतात, त्यांचंही चूक म्हणता येत नाही. परवा मावशी विचारत होत्या, दुसऱ्या मजल्यावर नव्या गाद्या कधी येणार आहेत.