समुद्राची मुद्दल

हर्णैच्या बंदरावर लिलाव सुरू झाला की पापलेटांच्या टोपल्यांत तळहाताएवढीही न भरणारी पिल्ले हमखास दिसतात. त्यांनी एकदाही अंडी घातलेली नसतात. म्हणजे आपण समुद्राची मुद्दलच खातो आहोत. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, हे योग्यच झाले. परंतु खरा निर्णय जाळ्याच्या आसातच, म्हणजे जाळ्याच्या भोकांच्या आकारातच होतो, कारण बारीक आसात अडकून मेलेले पिल्लू पुन्हा पाण्यात टाकून काहीच साधत नाही. म्हणूनच यांत्रिक नौकांची जाळी पाण्यात उतरूच न देणारी १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मला अधिक परिणामकारक वाटते. (पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवत असत, अर्थात खवळलेल्या दर्यापुढे दुसरा इलाजही नव्हता.) मोठ्या ट्रॉलरच्या मालकाचे हे दोन महिने निभावतात, पण खलाशाच्या आणि पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळणीच्या घरी चूल कशी पेटावी, याची तजवीज बंदीच्या नियमातच असायला हवी, आणि तो पैसा मोठ्या नौकांच्या परवाना-शुल्कातून उभारावा, असे माझे मत आहे.