तुम्ही विचारलंत म्हणून: पाठ झालेला मारवा पुन्हा ऐकायला कशाला जायचं?

‘बाईंच्या मारवा रागाचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, ते तुम्हाला पाठही आहे. मग त्या गाणार म्हटलं की दर वेळी धावत का जाता?’ माझ्या आवडत्या गायिकेबद्दल हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यावं म्हटलं.

आधी हे सांगते की त्या रेकॉर्डिंगचे माझ्यावर फार उपकार आहेत. बाई मला त्यातूनच भेटल्या. बावीस मिनिटांचा मारवा. कुठे त्या श्वास घेतात, कुठे पेटी जराशी पुढे जाऊन मागे सरते, सगळं तोंडपाठ. अकराव्या मिनिटाला त्या एकदम थांबतात आणि तीन-चार सेकंद नुसता तंबोरा आणि ठेका ऐकू येतो, तेही पाठ.

आणि म्हणूनच पहिल्यांदा त्यांना समोर बसून ऐकलं तेव्हा मी नाराज होऊन परतले. मारवाच गायल्या होत्या. पण निषादावरून (नी) कोमल रिषभावर (रे) येऊन, तिथेच रेंगाळून षड्जाला, म्हणजे जिथे परतायचं त्या ‘सा’ला, हुलकावणी द्यायची जी जागा मला जीव की प्राण होती, ती त्यांनी घेतलीच नाही. मी तासभर तिची वाट बघत बसले आणि त्या तासात जे काही झालं, ते माझ्या कानांवरून निघून गेलं. त्याची रुखरुख अजून आहे.

रेकॉर्डिंगमध्ये काय मावतं याचा विचार मी त्यानंतर करायला लागले. गौहर जान यांनी १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांची जागा असायची. तेवढ्यात राग उभा करायचा, बंदिश म्हणायची, ताना घ्यायच्या आणि शेवटी स्वतःचं नावही सांगायचं. आता विलंबित एकताल बघा. बारा मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, फार संथ लयीत जवळजवळ मिनिटभर चालतं. म्हणजे तबकडीवर अशी तीनच आवर्तनं बसली असती. साहजिकच गवयांनी लय वाढवली, विस्तार आटोपता घेतला. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. आता तर वेळेचं बंधनच उरलं नाही. तरी एक गोष्ट रेकॉर्डिंगवर सहसा येत नाही. आवाज लागला नाही, त्या दिवसाचं गाणं कोण बाहेर काढणार? आणि मला नेमकी तशी एक संध्याकाळ मिळाली.

तिसऱ्या रांगेत, जरा कडेला बसले होते. मारव्यात पंचम (प) नाही, म्हणून एरवी पंचमात असणारी तंबोऱ्याची पहिली तार निषादात लावून घेणं चाललं होतं. हे लावणं लोकांना कंटाळवाणं वाटतं, काही जण गप्पा मारतात. तुम्ही कधी गेलात तर तेव्हा कृपा करून गप्प बसा. खुंटी पिळून तार साधारण जागेवर येते, मग घोडीखालचा मणी केसभर सरकवतात, मग जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली सरकवायचा, दोरा. आणि एका क्षणी चार तारा चार राहत नाहीत. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’च्या तारेतून, कुणीही न छेडलेला गंधार (ग) आपोआप ऐकू यायला लागतो. तो ऐकू आला की बाईंची मान किंचित हलते. मी त्या मानेकडेच बघत असते.

त्या दिवशी तंबोरे जुळले, पण आवाज लागेना. मधल्या धैवतावर खरखर येत होती. वर जायचा प्रयत्न त्यांनी दोनदा केला, दोन्ही वेळा सूर काठावरून निसटला. माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो.

मग बाईंनी वरचा नाद सोडून दिला. खाली उतरल्या, मंद्र धैवतावर, आणि तिथेच बसल्या. खर्जात ती खरखर दोष राहिली नाही, तिला वजन आलं. धैवत, निषाद, तिथून रिषभ, पुन्हा निषाद. षड्ज मात्र नाही. तंबोऱ्यातून तो सतत ऐकू येतोय, सगळ्या सभागृहाला माहीत आहे की दोन पावलांवर आहे, आणि त्या दर वेळी बाजूने निघून जातात. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येत होती तीही रिषभावर. तिसऱ्या आवर्तनात त्या मध्येच थांबल्या. मागच्या तंबोऱ्याची तार कणभर उतरली होती. मला ती कळलीच नव्हती. त्यांनी मान वळवली, हात मागे लांबवून स्वतःच मणी सरकवला, एकदा तार छेडून पाहिली. ठेका चालूच होता. घाई नाही, कपाळाला आठी नाही. पुन्हा समोर वळल्या, डोळे मिटले आणि षड्ज लावला.

स्वच्छ. खरखर नाही, कंप नाही.

कुणी ‘वा’ म्हटलं नाही. सभागृहातून फक्त एक मोठा निःश्वास आला, माझाही त्यात होता. तबलजींनी मान खाली घातली. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि मग आम्ही दोघी उगाचच एकमेकींकडे बघून हसलो.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. घरी जे ऐकते ते बाईंनी कधीतरी ठरवून झालेलं गाणं आहे. मैफलीत त्या अजून ठरवत असतात. हातात कसा आवाज आहे, आज काय जमणार नाही, मग कुठून वाट काढायची, हे सगळं माझ्यादेखत चाललेलं असतं. आणि पुढे काय होणार हे त्यांनाही माहीत नसतं. षड्जासाठी ती तीन आवर्तनं शेकडो माणसांनी श्वास धरून काढली. घरी मी एकटी असते, मधेच उठून दार उघडते, हवं तर गाणं थांबवते. अशाने वाट बघणं होत नाही.

कुठे बसावं हेही बरेच जण विचारतात. अगदी पुढे बसायचा हट्ट नको, पण हात आणि चेहरा दिसेल इतकं जवळ बसा. आणि मोबाइल उंच धरून चित्रीकरण करू नका, मागच्यांचा तर विचार कराच, पण तुमचंही लक्ष गाण्यावरून फ्रेमवर जातं. ऐकण्याची ती घटका पुन्हा हाती लागत नाही.

घरचं रेकॉर्डिंग मी अजूनही लावते. परवाच लावलं होतं. अकराव्या मिनिटाला बाई थांबल्या, नुसता तंबोरा आणि ठेका. इतकी वर्षं मला वाटायचं, दम घेतात. आता तिथे मला त्यांची वळलेली मान दिसते आणि मागे गेलेला हात. थांबण्याआधी तार किंचित उतरलेली असते, तीही आता ऐकू येते.