तेरचं लामतुरे संग्रहालय: मुलाबाळांसह एक दिवस

तेरला येणारे बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या दर्शनासाठी येतात आणि वेळ उरलाच तर संग्रहालयात डोकावतात. बरोबर मुलं असतील तर क्रम बदला. आधी त्रिविक्रमाचं देऊळ, मग संग्रहालय, आणि शेवटी नदीकाठी गोरोबाकाका. संग्रहालयात प्राचीन तेरमधल्या वस्तू आहेत आणि त्यांतल्या कितीतरी बोटाच्या पेराएवढ्या आहेत. थेट तिथून सुरुवात केली की पोरं पंधरा मिनिटांत कंटाळतात. आधी देवळाची जुनी वीट पाहिलेली असली, गावाच्या कडेचं जुन्या वस्तीचं टेकाड पाहिलेलं असलं, की कपाटातला मणी कुठून आला ते त्यांना विचारावं लागत नाही.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी आहे. धाराशिवहून गाडीने वीस-पंचवीस किलोमीटर. पुण्या-सोलापूरकडून येणाऱ्यांना बार्शी, येडशी, ढोकी हा रस्ता सोयीचा. रेल्वेने यायचं तर कुर्डुवाडी-लातूर मार्गावर धाराशिवला उतरून पुढे एसटी किंवा भाड्याची गाडी. एसटीने गेलात तर उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरलाच विचारून ठेवा.

वाराची चूक सगळ्यांत जास्त होते. राज्य शासनाची संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, त्यात सरकारी सुट्टी आली की फेरी वाया जाते. निघण्यापूर्वी फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: दालनं सगळी उघडी आहेत का, आणि हस्तिदंती स्त्रीप्रतिमा (तिच्याबद्दल पुढे सांगितलं आहे) सध्या मांडलेली आहे का. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याचं ऊन म्हाताऱ्या माणसांना आणि लहानग्यांना झेपत नाही. शिवाय चैत्र वद्य त्रयोदशी ही गोरोबांची समाधीतिथी, त्या सुमारास यात्रेची गर्दी असते. यात्रा बघायची असेल तर तेव्हा जरूर या, पण संग्रहालय निवांत पाहण्याचे ते दिवस नव्हेत.

त्रिविक्रम मंदिर समोरून साधंच दिसतं, म्हणून लोक पाया पडून परत फिरतात. त्याची गंमत मागच्या बाजूला आहे. बाहेरून पूर्ण वळसा घाला. मागची भिंत अर्धगोल आहे आणि वरचं छत हत्तीच्या पाठीसारखं गोलाईत गेलेलं आहे, याला गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ले-भाज्याची लेणी पाहिलेल्या मुलांना इथे थांबवून विचारा, हा आकार कुठे पाहिलाय? तिथे चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, डोंगरात कोरलेलं आहे, इथे तोच आकार विटांनी उभा केलेला आहे. अशा आकाराच्या विटांच्या जुन्या इमारती देशात फार थोड्या उभ्या आहेत. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर मंदिर हे दुसरं नेहमी सांगितलं जाणारं उदाहरण. मूळची वास्तू बौद्ध चैत्य होती की पहिल्यापासून देऊळच, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पुढचा सपाट छताचा मंडप मात्र नंतर जोडलेला आहे, हे जोड पाहून मुलांनाही कळतं. आत बळीच्या गोष्टीतला, पाय वर उचललेला त्रिविक्रम आहे. गोष्ट आधी सांगून ठेवलीत तर मूर्ती आपोआप वाचता येते.

उत्तरेश्वराचं देऊळही विटांचंच. त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा, म्हणजे दाराची चौकट, संग्रहालयात आहे, त्यामुळे देऊळ आधी बघितलेलं बरं. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या असतात की काही पाण्यावर तरंगतात. मातीत तूस-भुसा मिसळून वीट भाजली की भुसा जळून जातो आणि आत बारीक पोकळ्या राहतात. भिंतीतली वीट टोकरून खात्री करायची नाही. तुटलेल्या कडेची छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

देवळांकडून संग्रहालयाकडे जाताना गावाभोवतीची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडं दाखवा. आसपासचं रान काळ्या मातीचं, आणि मधेच हा फिकट उंचवटा. शेकडो वर्षांची राख, शेण, चुना, विरघळलेल्या मातीच्या भिंती यांचा तो थर असतो. ही माती कसदार, म्हणून दख्खनभर शेतकऱ्यांनी अशी टेकाडं गाड्या भरभरून शेतात नेली आणि त्यांबरोबर इतिहासही वाहून गेला. पावसाने माती धुपली की खापरं, मणी उघडे पडतात. मुलांचे हात शिवशिवणारच. उचलू देऊ नका. हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती, ही माहिती ती उचलल्या क्षणी जाते.

संग्रहालयाबद्दल एक रास्त शंका इथेच उभी राहते. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच व्यापारी. त्यांनी आयुष्यभर या वस्तू गोळा केल्या, संग्रह वीस हजारांच्या वर गेला, आणि पुढे तो शासनाकडे आला. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू उत्खननातल्या नसल्यामुळे त्यांचे थर माहीत नाहीत. तरी त्यांनी जमवल्या नसत्या तर त्या विकल्या गेल्या असत्या किंवा नांगराखाली गेल्या असत्या. माझं झुकतं माप लामतुऱ्यांकडे आहे. पण मोठ्या मुलांशी यावर जरूर वाद घाला.

आत शिरताना कालानुक्रमाच्या मागे लागू नका, पाट्या त्रोटक असतात. पदार्थ धरून बघा. मुलांना कागदावर सात शब्द लिहून द्या: दात (म्हणजे हस्तिदंत), शंख, दगड, काच, माती, लाकूड, धातू. प्रत्येकाची एक वस्तू शोधायची, तिचं चित्र काढायचं, आणि कच्चा माल तेरमध्ये मिळाला असेल की बाहेरून आला असेल ते ठरवायचं. शंखाच्या बांगड्या दिसल्या की प्रश्न सुटतो, कारण समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. मण्यांचा अकीक दगड मात्र दख्खनचाच. लाव्हाच्या खडकातल्या पोकळ्यांमध्ये तो तयार होतो, आणि तापवल्यावर त्याचा लाल-नारिंगी रंग खुलतो. मण्याचं भोक नीट पाहा. कठीण दगडाला दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणत, त्यामुळे मधे ते किंचित चुकलेलं दिसू शकतं.

पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या हा तेरचा खास ठेवा. दोन साच्यांत दोन अर्ध्या बाजू दाबून त्या जोडत, म्हणून आतून पोकळ. कडेने सांध्याची रेघ शोधायला सांगा. केशरचना आणि कानांतले दागिने इतके तपशीलवार आहेत की घरातल्या बायका इथे सर्वांत जास्त वेळ रमतात. रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्याही बघा, गळ्यात अडकवण्यासारख्या.

हस्तिदंती स्त्रीप्रतिमेसमोर पाच मिनिटं द्या. अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली, जे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. मराठवाड्यातल्या भोकरदनलाही त्याच जातीची एक मिळाली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं शहर आहे आणि तिथून कापड गुजरातेतल्या भडोच बंदराला जातं, असं लिहिलं आहे. हे तगर म्हणजेच तेर, असं इतिहास-अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. नकाशा सोबत असेल तर पैठण, तेर आणि भडोच यांवर मुलांकडून बोट फिरवून घ्या.

फोटोची परवानगी दारातच विचारा, फ्लॅश नको. काचेवर प्रतिबिंब येतं, तेव्हा परवानगी असेल तर फोन काचेजवळ सरळ धरा आणि झूम वापरा. खिशातलं छोटं भिंग मात्र फोनपेक्षा जास्त कामाला येतं. दीड तास पुरे. त्याहून ओढलं तर पुढचं सगळं बिघडतं. पाणी, टोपी आणि खाणं बरोबर ठेवा, गावात हवं ते हव्या वेळी मिळेलच असं धरून चालू नका.

गोरोबाकाकांच्या मंदिरात जाण्याआधी गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी मडक्यांसारखी तपासल्याची आणि नामदेवांना कच्चं ठरवल्याची कथा सांगा. सकाळपासून माती पाहिलेल्या मुलांना ती वेगळी पोचते.

परतीला येडशीवरून जाणार असाल तर रामलिंग घाट अभयारण्य वाटेतच आहे. बालाघाटाच्या डोंगरातलं हे रान पावसाळ्यानंतर हिरवं असतं, दरीत रामलिंगाचं देऊळ आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांना वरच थांबू द्या. माकडं धीट आहेत, म्हणून खाऊची पिशवी गाडीतच ठेवा आणि काचा वर करा. दोन्ही ठिकाणं एका दिवसात करायची तर तेरहून दोनपर्यंत निघा.