मिलिमीटरच्या आत

आमचे विज्ञानाचे सर मोजपट्टी शून्यापासून लावू द्यायचे नाहीत. पट्टीची कड झिजलेली असते, तेव्हा १ च्या रेघेपासून मोजा आणि उत्तरातून १ वजा करा, असा त्यांचा दंडक. एकाने विचारलं, ‘सर, रेघेलाच जाडी आहे, मग मोजायचं नेमकं कुठून?’ ‘मध्यापासून,’ सर म्हणाले, आणि उरलेला तास त्या जाडीवरच गेला.

मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर आम्हाला तोंडपाठ होतं. (डेसिमीटर मला परीक्षेबाहेर फारसा भेटला नाही.) इथवर प्रत्येक पायरी दहाची. त्याखाली एकदम हजाराची उडी: मिलिमीटरचा हजारावा भाग मायक्रोमीटर, म्हणजेच मायक्रॉन, आणि त्याचाही हजारावा नॅनोमीटर. सरांनी मीटरपट्टी उभी धरली. ‘हा एक मिलिमीटर समजा.’ त्या हिशेबाने डोक्यावरचा केस पाच-दहा सेंटिमीटर जाड झाला, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मिलिमीटरची. डीएनएचा धागा मात्र एवढं करूनही दिसेना. मुळात त्याची रुंदी २ नॅनोमीटर.

मग कागद. २०० पृष्ठांचं पुस्तक घट्ट दाबून मोजलं, पुठ्ठे सोडून ९ मिलिमीटर. भागायचं मात्र १०० ने, कारण पृष्ठं दोनशे असली तरी कागद शंभरच. उत्तर ०.०९ मिलिमीटर, म्हणजे ९० मायक्रॉन. साध्या पट्टीने! पुढे केसाची जाडी मोजायला स्क्रू गेज हाती आलं. एका फेऱ्यात १ मिलिमीटर सरकणारा स्क्रू, त्याच्या गोल पट्टीवर १०० भाग. म्हणून लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. टोकाची फिरकी टिकटिकली की थांबायचं, नाहीतर केस चेपतो आणि माप खोटं येतं.

आता मी मशीन शॉपमध्ये आहे. ड्रॉइंगवर ‘±०.०१’ (म्हणजे माप ०.०१ मिलिमीटरने कमी-जास्त चालेल) दिसलं की नवी मुलं मायक्रोमीटर घेऊन (इथे हे एकक नव्हे, स्क्रू गेजसारखं उपकरण) सरळ गरम जॉबला, मशीनवर घडवलेल्या भागाला, भिडतात. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, आणि १०० मिलिमीटरचा पोलादी दांडा १० अंशांनी तापला तर ११-१२ मायक्रॉन वाढतो. म्हणजे मिळालेली सूट तिथेच संपली. मशीनवरून काढलेला जॉब मी आधी टेबलावर गार व्हायला ठेवायला लावतो. मुलं कुरकुरतात, पण ठेवतात.