हुमणीला बेडूक आणायचा म्हणं!

परवा वळीव झाला आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला मी, धाकटा भाऊ आणि आबा (म्हणजे आमचे थोरले चुलते) बांधावरच्या कडुलिंबाखाली ताडपत्री अंथरून उभे होतो. ज्यांचा ऊस आहे त्यांना सांगायला नको, पहिला वळीव पडला की हुमणीचे, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे जमिनीतनं बाहेर निघतात आणि कडुलिंब नाहीतर बाभळीवर पाला खायला जमतात. फांदी गदागदा हलवायची, टपटप खाली पडतात, गोळा करायचे आणि बादलीत. पूर्वी पाण्यात रॉकेल घालायचो, आता रॉकेल मिळतंय कुठं, म्हणून डिझेल ओतलं. एक मादी पन्नास-साठ अंडी घालते त्यामुळं आत्ता एक भुंगेरा वेचला तर श्रावणात तेवढ्या अळ्या कमी, हा साधा हिशोब. गेल्या साली आम्ही आळस केला आणि खोडव्याचा एक अख्खा पट्टा पिवळा पडला, बेट धरून ओढलं की गाजरासारखं हातात यायचं, खाली मुळ्याच नाहीत. माती उकरली तर पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्ध्या बांगडीसारख्या वाकलेल्या अळ्या, एका बेटाखाली सहा-सात.

तर हे चालू असताना मोबाईल टुंग करून वाजला. आमच्या गावच्या ऊस उत्पादकांच्या ग्रुपवर व्हिडिओ. 'ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी हुमणीवर शोधला जालीम उपाय, एक रुपया खर्च नाही' आणि मागं ढाणढाण म्युझिक, आणि एक ताटाएवढा बेडूक किडे गिळतोय. खाली धडाधड रिप्लाय. नाद खुळा. कुठं मिळत्यात? एकानं तर लिहिलं की कारखान्यानं सभासदांना साखरेबरोबर जोडी-जोडी वाटावी.

मला हसावं का रडावं कळंना, कारण ती गोष्ट मी आधी वाचली होती आणि ती खरी आहे, फक्त व्हिडिओवाल्यानं अर्धीच सांगितली.

झालं असं की क्वीन्सलँड म्हणजे ऑस्ट्रेलियातला ऊसपट्टा, तिथंपण हुमणीच, आपल्या हुमणीची चुलत बहीण म्हणा. १९३२ साली ऊस तज्ज्ञांच्या परिषदेत सांगण्यात आलं की प्युर्तो रिकोत एक मोठा बेडूक हुमणीचा फडशा पाडतो. म्हणजे त्या काळचा फॉरवर्ड मेसेजच की! तिथनं तो आधीच हवाईला गेला होता, आणि १९३५ मध्ये हवाईहून शंभरेक बेडूक ऑस्ट्रेलियात आणले, त्यांची पैदास केली आणि पहिल्या खेपेला २४०० च्या आसपास पिल्लं उसाच्या भागात सोडली. तिथल्या सरकारी ऊस संशोधन खात्यानंच सोडली, कुणी येड्यानं नव्हे.

आता मला सांगा, आपण ताडपत्री कुठं अंथरली होती? झाडाखाली. भुंगेरा बसतो वर शेंड्याला आणि अळी असते जमिनीत. बेडूक ना झाडावर चढणार ना माती उकरून मुळापर्यंत जाणार. तिथंही हेच. हुमणी राहिली जिथल्या तिथं आणि बेडकानं बाकी जे समोर आलं ते खाल्लं. मधाच्या पेट्यांसमोर बसून मधमाश्या गिळतो म्हणून तिकडच्या मधपाळांना पेट्या उंच स्टँडवर ठेवायला लागतात. आणि तो विषारी. डोळ्यामागं दोन फुगीर गाठी असतात त्यात विष, अंड्यात विष, पिल्लात विष. आपला साधा बेडूक आमच्या टायगर कुत्र्यानं एकदा तोंडात धरला होता तर तोंडातनं साबणासारखा फेस, मान झटकतोय, भिंतीला थोबाड घासतोय, आईनं नळी लावून तोंड धुतलं तेव्हा कुठं गडी ठिकाणावर आला. आणि हा आपला गावठी! त्या ऑस्ट्रेलियातल्या बेडकानं तर कुत्री मरतात, घोरपडीच्या जातीची जनावरं मरतात, गोड्या पाण्यातल्या मगरी त्याला गिळून मेलेल्या आहेत. आज तिथं ते बेडूक कोट्यवधी आहेत आणि काढायचे कसे कुणाला माहीत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आणि एक 'अती शहाणा' आला.

तर आबा म्हणाले, "अरं बेडकाचं काय घेऊन बसलास, आपल्या कोल्हापूर दरबारनं आफ्रिकेतनं चित्तं आणल्यालं, काय झालं?" हे मात्र खरं आहे. देशात चित्ते मिळेनासे झाले तसे संस्थानांनी आफ्रिकेतनं मागवले आणि त्यात कोल्हापूर पुढं होतं. चित्तेपारधी ते सांभाळायचे, शिकवायचे, काळवीट दिसला की डोळ्यावरची टोपी काढून सोडायचे. पण आबा, म्हणलं, ते सोडलेले नव्हते. खाटेला बांधलेले, खायला घालणारा माणूस ठरलेला, शिकार झाली की परत टोपी घालून गाडीत. सोडणं वेगळं. आता मध्य प्रदेशात कुनोला २०२२ मध्ये नामिबियातनं ८ आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतनं १२ आणले, प्रत्येकाच्या गळ्यात कॉलर, मागं माणसं आणि गाड्या, तरीपण ते हद्दीबाहेर गेले, गावातल्या शेळ्या मारल्या, लोकांनी दगडं मारली. माणसाला चित्त्यापासनं तसा धोका नाही म्हणतात, आणि मला ते पटतंही, पण ज्याची शेळी गेली त्याला हे ऐकवून बघा. मला सगळ्यात जास्त कुठली गोष्ट लागली असेल तर ती म्हणजे त्या चित्त्यांच्या अंगाला अजून आफ्रिकेचंच कॅलेंडर माहीत. तिकडं जून-जुलै म्हणजे थंडी, म्हणून इथं ऐन पावसाळ्यात त्यांच्या अंगावर थंडीची दाट केसं आली, त्यात कॉलरखाली ओल राहिली, जखमा झाल्या, अळ्या पडल्या, काही मेले. जनावर आणता येतं, त्याचं आभाळ कुठनं आणणार.

आबा गप्प. मग म्हणाले, "मुंगूस तरी बरं, ते शुभ."

आता मुंगसाचं ऐका. बंधाऱ्यावर मुंगूस आडवं गेलं की आमची आई अजून थांबून नमस्कार करते. तेच आपलं मुंगूस १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकाला गेलं, नऊ नग, आणि कशासाठी तर परत उसासाठीच! उंदरं ऊस कुरतडायची. सुरवातीला उंदरं कमी झालीपण, मळेवाले खूश, मग तिथनं बेटाबेटांवर आणि १८८३ ला हवाईत. पण मुंगूस दिवसा हिंडतं आणि उंदीर रात्री, शिवाय झाडावर चढणारा उंदीर त्याच्या हाताला लागत नाही. मग ते वळलं कोंबड्यांकडं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांकडं. वर काही कॅरिबियन बेटांवर आता पिसाळी मुख्यतः मुंगसातनं पसरते, म्हणजे तिथं मुंगूस चावायचीपण भीती. जपाननं तर १९७९ मध्ये आमामी नावाच्या बेटावर विषारी साप मारायला तीसेक मुंगसं सोडली, साप रात्रीचा, हे दिवसाचं, त्यांनी तिथले दुर्मीळ ससे खाल्ले, मुंगसांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला, आणि शेवटचं मुंगूस संपलं हे जाहीर करायला २०२४ साल उजाडलं. तीस सोडायला एक दिवस, काढायला पंचेचाळीस वर्षं.

आता म्हणाल हे सगळं लांबचं. तर आमच्या शिरोळच्या दाजींचं सांगतो. शेततळ्यात मासे सोडायचे म्हणून बीज आणलं, विकणाऱ्यानं देशी मागूर म्हणून दिलं, निघाला आफ्रिकन मांगूर, ज्याच्यावर आपल्याकडं २००० सालापासनं बंदी आहे. रोहू-कटला सगळे फस्त. दाजी म्हणायचे, ह्येच इकू, वाढतोय तर ढोरासारखा. तेवढ्यात २०१९ चा महापूर आला, तळं आणि नदी एक झाली, आणि पाणी उतरल्यावर तळ्यात एक मांगूर नाही. कुठं गेले असतील ते सांगायला पाहिजे का? तो मासा वरची हवा घेऊन जगतो, ओल्या चिखलातनं सरपटत पुढच्या पाण्यात जातो. दाजींना बोललो की चिडतात, त्यांचंपण चुकलं नाही, फसवलं त्यांना. पण नदीत गेले ते गेले.

आणि बाहेरच्या देशाचंच जनावर पाहिजे असंही नाही बरं का. बिबट्या दिसला की लगेच 'धरा आणि दाजीपूरच्या जंगलात सोडा' अशी मागणी. जुन्नरला तसं केलं होतं, बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केलाय, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. ज्याला तिथली पायवाट माहीत नाही ते बिथरणारच.

मी ग्रुपवर शेवटी एवढंच टाकलं की हुमणी खाणारे आपले बगळे आणि कावळे नांगरामागं फुकट येतात, मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिळतंय, आणि उद्या साडेसातला ज्याच्याकडं बादली आहे त्यानं ओढ्याकडच्या बाभळीखाली यावं.

तर व्हिडिओ टाकणारा दादा आला बरं का. बादली विसरला, पण बॅटरी चांगली आणली होती. तासाभरात दीड बादली झाली, आणि मधेच टायगरनं परत एक बेडूक धरला.