पैरा आणि इर्जिक

रविवार, रात्र. गावी, पाटण तालुका.

आज दिवसभर भाताची लावण. कंबर धरलीय, पायाची बोटं चिखलानं खाल्लीत. तरी हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळी पलीकडच्या वहिनी वाफ्यात उतरल्या तेव्हा मी सहज म्हणाले, "बरं झालं, मदतीला आलात." त्या नुसत्या हसल्या. काकीनं मात्र तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ सोडता सोडता मला तिथंच थांबवलं. "मदत न्हवं गं, पैरा हाय ह्यो. परवा आपून त्यांच्यात जायाचं."

पैरा म्हणजे दिवसाला दिवस. कोकणात यालाच सावड म्हणतात. पाऊस लागला की सगळ्यांची लावण एकदमच येते, तेव्हा पैसे मोजूनही माणूस मिळत नाही. आणि थांबून चालत नाही, तरवा जून झाला की फुटवे कमी येतात. मग आज तुमच्यात, उद्या आमच्यात. काकी शाळेत गेलेली नाही, पण कुणाचे किती दिवस फेडायचे राहिलेत ते तिला तोंडपाठ आहे.

हीच काकी गेल्या वर्षी माझ्यावर चिडली होती. ऐन लावणीत काकांचा पाय मोडला. तरवा तयार, चिखलणी व्हायची होती. काकीनं इर्जिक घातली, म्हणजे गावातल्या माणसांना कामाला हाक दिली. दोन दिवसांत सगळी खाचरं हिरवी झाली. संध्याकाळी पडवीत पंगत बसली, भाकरी आणि मटणाचा रस्सा. मी कोपऱ्यात बसून कोण कोण आलं त्यांची नावं वहीत लिहीत होते, पुढं फेडायला बरं म्हणून. काकीनं पीठ लागलेल्या हातानं वही मिटली. "इर्जिकीचं लिहून ठिवत न्हाईत. पोटभर वाढ त्यास्नी."

तेव्हा मला कळलं नव्हतं. आज वाफ्यात वाकून वाकून विचार करत होते. आपण शहरात सगळ्यालाच मदत म्हणतो. कुणाची पिशवी उचलली तरी मदत, पूरग्रस्तांना पैसे पाठवले तरी मदत. त्या शब्दात एक देणारा असतो, एक घेणारा. वहिनींचा दिवस मी मदत म्हणून घेतला असता तर त्यांच्या घामाचा एक दिवस बुडालाच असता, आणि वर मी गोड बोलून मोकळी. इर्जिक निराळी. तिथं माणूस आधीच अडलेला असतो. त्याच्यावर आणखी वीस दिवसांचं देणं कशाला चढवायचं? त्यानं जेवू घालायचं, एवढंच. त्या जेवणानं त्याची मान ताठ राहते. काकी त्या रात्री शेवटचं पान उठेपर्यंत स्वतः जेवली नव्हती.

आता पॉवर टिलर आलेत, बैल मोजक्याच दावणीला उरलेत. टिलरवाल्याला तासाचे रोख द्यावे लागतात. नांगरटीची इर्जिक त्यामुळे जवळजवळ गेलीच, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लावण अजून हातानंच होते, म्हणून पैरा तरी टिकलाय.

उद्या पहाटेच्या एसटीनं पुण्याला निघायचं होतं. मघाशी रजा दोन दिवस वाढवून घेतली. वहिनींचा दिवस फेडायचा आहे.