शहाण्णव चौरस मीटर

मंगळवार, रात्री

जर्मनीतल्या कासेलची २०२२ च्या जूनमधली हकीकत आज तारीखवार मांडली. शुक्रवार, १७ जून: फ्रीडरिशप्लाट्झ या मोठ्या चौकात आठ मीटर बाय बारा मीटरचा कापडी फलक चढला. शनिवारी १८ ला 'डोक्युमेंटा १५' या समकालीन कलेच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. सोमवारी २० ला, त्यातल्या ज्यूद्वेष्ट्या चित्रांवरून ओरड झाल्यावर, फलकावर काळं कापड. मंगळवारी २१ ला फलक खाली.

मला खटकते ती पहिलीच तारीख. पत्रकार-समीक्षकांसाठी राखलेले दिवस जवळजवळ संपल्यावर फलक चढला, कारण जुन्या कापडाला डागडुजी लागत होती. म्हणजे कुणीतरी तो पसरून जवळून तपासला असणार. कुठे फाटलाय, रंगाचे पोपडे कुठे सुटलेत. चित्रात काय काढलंय हे बघणं त्या कामात मोडत नव्हतं.

फलकाचं नाव 'पीपल्स जस्टिस', साल २००२, पहिलं प्रदर्शन ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला. काढणारा गट इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याचा: तारिंग पादी, स्थापना १९९८, तिथला हुकूमशहा सुहार्तोची सत्ता गेली त्याच वर्षीची. नावाचा अर्थ भाताच्या लोंबीचं अणकुचीदार टोक, आपल्याकडचं कुसळच. विषय सुहार्तोच्या लष्करी राजवटीचे अत्याचार आणि तिला हात देणाऱ्या परदेशी सत्ता. एका बाजूला गुन्हेगार, दुसऱ्या बाजूला जनता, आणि मधे माणसांची, हाडांची, बंदुकांची खच्चून गर्दी.

त्या गर्दीत दोन आकृत्या. एक डुकराच्या तोंडाचा सैनिक: गळ्यात डेव्हिडचा तारा (ज्यूंची खूण) असलेला रुमाल, शिरस्त्राणावर 'मोसाद', म्हणजे इस्रायलची गुप्तहेर संस्था. हिच्यावर वाद घालता येतो, कारण त्या रांगेत इतर देशांचे हेरही आहेत. दुसरीवर नाही घालता येत. कानाशी लोंबणाऱ्या बटा, सुळे, लाल डोळे, तोंडात सिगार आणि टोपीवर हिटलरच्या एसएस दलाची खूण. हा कुठल्या सरकारचा प्रतिनिधी नाही. शंभरेक वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांतला 'ज्यू' जसाच्या तसा उचललाय, आणि ज्यांनी साठ लाख ज्यू मारले त्यांचीच खूण त्याच्या डोक्यावर ठेवलीय. हे चित्र जावा बेटावर पोचलं कसं? युरोपचा ज्यूद्वेष डच वसाहतीबरोबर तिथे आला, असं प्रदर्शनाचे संयोजक रुआंगरूपा (जकार्ताचा गट, नावातलं 'रूपा' म्हणजे आपलं रूपच) यांच्यातर्फे जुलैत जर्मन संसदेच्या समितीपुढे सांगितलं गेलं. खरं असेल. त्यानं उगम कळतो, पण ते कासेलच्या चौकात टांगायचं कारण होत नाही.

डुकराचं म्हणाल तर आणखी एक योगायोग. फलक चढण्याच्या तीनच दिवस आधी, १४ जूनला, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं विटेनबर्गच्या चर्चवरच्या शिल्पाचा निकाल दिला. तेराव्या शतकातलं शिल्प: डुकरिणीच्या आचळांना लागलेले ज्यू, आणि तिचं शेपूट उचलून पाहणारा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. न्यायालय म्हणालं, शिल्प अपमानकारकच आहे, पण १९८८ मध्ये चर्चनं खाली कांस्याचा स्मृतिफलक बसवला आणि पुढे माहितीची पाटीही लावली, त्यामुळे ते आता निषेधाचं स्मारक झालंय, काढायला नको.

मग कासेललाही पाटी का नाही चालली? चालली नसती. विटेनबर्गला ज्याची भिंत त्यानंच आपल्या भिंतीविरुद्ध साक्ष दिली. कासेलचा फलक मात्र स्वतःच न्यायनिवाडा करत उभा होता. 'हे गुन्हेगार' असं बोट दाखवणाऱ्या चित्राखाली 'यातल्या एकाला सोडून वाचा' असं लिहिता येत नाही. काळ्या कापडानं तर अडचण आणखी वाढली. संवाद अशक्य झाल्याच्या शोकाचं हे स्मारक आहे, असं तारिंग पादीनं तेव्हा लिहिलं, म्हणजे दोष फलक झाकणाऱ्यांच्या माथी. माफी त्यांनी मागितली, रुआंगरूपानंही मागितली: ती आकृती आम्हा सगळ्यांच्याच नजरेतून सुटली, असं म्हणत.

सुटली कशी, तेच पाहायचं. रुआंगरूपाची पद्धत 'लुंबुंग', म्हणजे गावाचं सामाईक भाताचं कोठार. एका गटानं दुसऱ्याला बोलवायचं, त्यानं तिसऱ्याला, पैसे वाटून घ्यायचे. छान आहे. पण कोठारात कुणी काय आणून ओतलं हे पाहणारा कोठावळा नेमलेला नव्हता, आणि कलास्वातंत्र्यात ढवळाढवळ नको म्हणून व्यवस्थापनही लांब राहिलं. खरं तर काम किरकोळ होतं. कापडाचे मीटरभराचे चौकोन पाडायचे, म्हणजे शहाण्णव. प्रत्येकाचा फोटो, त्यातली प्रत्येक अक्षरओळ, खूण, टोपी नोंदवायची. वाचणारे दोन हवेत: एक इंडोनेशियाचं राजकारण जाणणारा, एक युरोपच्या द्वेषचित्रांचा इतिहास जाणणारा. एकटा पहिला डुकरात फक्त हावरट सैनिक पाहील, एकट्या दुसऱ्याला सुहार्तो दिसणारच नाही. चौकोनाला वीस मिनिटं धरली तर बत्तीस तास.

वेळ नव्हता म्हणावं तर जानेवारीपासून कासेलमध्ये ज्यूद्वेषाच्याच आरोपांवरून रण माजलं होतं. पण पाच महिने शोध चालला तो कुणाला बोलावलं आणि कुणी कुठल्या पत्रकावर सही केली याचा. चित्रं कुणी मागवून पाहिली नाहीत. जुलैत महासंचालक सबीने शोरमान यांना पद सोडावं लागलं.

त्यातून शिकले म्हणावं तर २०२३ चा नोव्हेंबर. 'डोक्युमेंटा १६'च्या निवड समितीवर मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे होते. २०१९ मध्ये मुंबईतल्या इस्रायली वकिलातीच्या, थिओडोर हर्झल आणि सावरकर यांच्यावरच्या कार्यक्रमाविरुद्धच्या पत्रावर त्यांची सही सापडली. पत्रात झायोनिझमला, म्हणजे ज्यूंचं स्वतंत्र राष्ट्र हवं या हर्झलप्रणीत विचाराला, वर्णद्वेषी म्हटलं होतं. त्या पत्राशी असहमत होता येतं, कडाडून होता येतं. पण सुळ्यांच्या त्या आकृतीशी त्याची गाठ घालणं म्हणजे दोन्हींपैकी एकही नीट न वाचणं. ज्यूद्वेषाचा आरोप त्यांनी नाकारला आणि राजीनामा दिला. १६ नोव्हेंबरला उरलेल्या चौघांनीही दिला, आणि समिती नव्यानं नेमावी लागली.